उलटा बाण

प्रयोगशाळेत तिला सगळे करवत म्हणत. दगडी पोवळ्याच्या दांड्या उभ्या चिरून काप काढणं हे तिचं काम, हे एक कारण. दुसरं कारण तिच्याशी वाद घातलेल्या कुणालाही विचारावं. तिला त्या नावाचं वाईट वाटत नसे. गोड बोलणाऱ्या करवतीने आजवर काय कापलंय?

पोवळं वर्षाला बोटाच्या पेराएवढंही वाढत नाही. पण जे वाढतं ते इमानाने. एक गडद पट्टा, एक फिका, की झालं वर्ष. पाणी तापलं की सांगाड्यातलं स्ट्रॉन्शियमचं प्रमाण उतरतं, गार झालं की चढतं. थर्मामीटर घेऊन त्या पाण्यात कुणी उतरलं नव्हतं, तेव्हाचा ताप असा दगडात राहिलेला.

संस्थेच्या दारातल्या काचेच्या कपाटात सगळ्यात जुनी दांडी मांडलेली होती, तुकड्यातुकड्यांनी. तिच्या सख्ख्या मामाने ती तरुणपणी समुद्राच्या तळावर गिरमिट चालवून काढली होती. तुकडा होडीवर आला की पेन्सिलने त्यावर बाण काढायचा, टोक पाण्याच्या पृष्ठभागाकडे, ही पद्धत. गिरमिटात तुकड्यांची तोंडं एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात, सांधा जुळवून काही कळत नाही. एकदा बाण काढला की तोच कायदा.

त्याच दांडीवरून 'मामाची उडी' प्रसिद्ध झाली. पाणी एकदम तापलं, मग वर्षानुवर्षं आपोआप गार होत गेलं, मग पुन्हा एकदम तापलं. आता किनाऱ्यावरची पोवळी पांढरी पडून मरत होती, आणि हवामानाच्या प्रत्येक अहवालात तेच वाक्य येत होतं: हा समुद्र पूर्वीही तापला होता, आणि आपोआप गार झाला होता. ते वाक्य वाचलं की तिच्या डोक्यात तिडीक जाई.

संस्थेच्या नव्या अहवालाच्या मोजमापासाठी तिने त्या दांडीचे ताजे काप काढले आणि भिंगाखाली धरले. पोवळ्याचे कोश वाढताना पंख्यासारखे उघडतात, आणि उघडतात ते पाण्याकडे. सगळ्या तुकड्यांत पंखे बाणाच्या टोकाकडे उघडत होते. मधल्या एका तुकड्यात मात्र बाणाकडे पाठ करून.

तुकडा उलटा होता. सुलटा करून वाचला, तर ना उडी ना आपोआप गार होणं. समुद्र सरळ तापत आला होता. पोवळ्याने मामाला मामा बनवलं होतं, आणि मामाने सगळ्यांना. तिला हसू फुटलं. मग ती स्टुलावर बसली, आणि हसू कुठे गेलं ते कळलं नाही.

संस्थेचे प्रमुख मामाचेच विद्यार्थी. त्यांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"असं करू," ते म्हणाले, "अहवालातून हा तुकडाच वगळू."

"म्हणजे ताप आला की थर्मामीटर लपवायचा?"

"अगं, त्यांच्या नावाचा तरी विचार कर. तुझ्याही नोकरीचा."

"केला. तुकडा राहणार, सुलटा राहणार. नाहीतर अहवालावर माझी सही नाही."

संध्याकाळी ती मामाकडे गेली. तो दाराची कुरकुरणारी बिजागरी तेल घालून हलवून बघत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

"बाण मी काढलाय," तो म्हणाला.

"म्हणूनच तुमच्याकडे आले."

"बोट धरून तुला या कामाला लावलं, ते माझं नाव बुडवायला?"

"मामा, तुम्हीच शिकवलंत. माणसाचं ऐकू नकोस, दगडाचं ऐक."

"तेव्हा मी दगड नव्हतो." दार पुन्हा कुरकुरलं. "जा आता."

तिने काप आणि भिंग टेबलावर ठेवलं आणि ती निघाली. जिना उतरताना ती मागे वळली नाही.

अहवाल ठरवायच्या बैठकीच्या दिवशी ती थेट काचेच्या कपाटाशी गेली. कुलूप काढलं, मधला तुकडा उचलला आणि फिरवून ठेवला. मामाचा बाण आता बाकीच्यांच्या उलट दिशेला बोट दाखवत होता. प्रमुख धावत आले, मागोमाग बैठकीला जमलेले बाकीचे.

"आधी होता तसा ठेव!"

"उलटा हवा असेल तर तुमच्या हाताने ठेवा. सगळ्यांसमोर."

कुणाचाच हात पुढे झाला नाही. तिने पेन्सिल काढली आणि जुन्या बाणाशेजारी नवा बाण ओढला.

"रेघ थरथरली तुझी," मागून आवाज आला.

मामा दारात उभा होता. काठीवर एक हात, दुसऱ्यात तिचं भिंग. तो वाकून तुकड्याकडे पाहत राहिला.

प्रमुखांनी लगबगीने खुर्ची ओढली. "सर, बसा ना. जुना बाण आपण खोडून टाकू. आणि लिहू, की त्या दिवशी समुद्र खवळलेला होता, होडी हेलकावत होती, त्या गडबडीत..."

"समुद्र शांत होता," मामा म्हणाला. "आरशासारखा. मीच घाईत होतो." मग भाचीकडे वळून, तितक्याच तुसडेपणाने: "खोडलास बाण तर याद राख."

"खोडणार नव्हतेच," ती म्हणाली, आणि कपाटाला कुलूप घालून बैठकीच्या खोलीकडे चालू लागली. मागून काठीचा आवाज येत होता.