टॉवेलाखालचं पेडल

गेल्या लग्नसराईत, एका सोमवारी सकाळी, मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशात गिटारच्या पेडलवरच्या पानाला 'हे पान वगळावे का?' अशी पाटी लागली. चर्चेला आठवड्याची मुदत होती. ते पेडल माझ्या मेहुण्यानं येरमाळ्यातल्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात बनवलेलं. पान त्याच्या मुलीनं लिहिलेलं. वृत्तपत्राच्या धाराशिव कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून मी त्या ज्ञानकोशात संपादन करतो. चर्चेत पहिल्याच ओळीत मी नातं जाहीर केलं आणि मत दिलं नाही.

पेडल म्हणजे पायानं दाबायची लोखंडी पेटी. वाद्याची वायर तिच्यातून नेली की सूर फाटतो, लांबतो. ऑर्केस्ट्रातल्या एका गिटारवाल्याचं परदेशी पेडल दुरुस्तीला आलं, तेव्हा मेहुण्यानं त्याची रचना समजून घेतली आणि बेंजोलाही चालेल असं स्वतःचं पेडल तयार केलं. वरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्यांनी ते उचललं. अलीकडं शहरातल्या एका दुकानात त्याची नक्कल मिळते, आणि तीच मूळची म्हणून खपते. आपण आधी बनवलं, हे कुठंतरी लिहिलेलं राहावं, एवढंच मेहुण्याला हवं होतं.

त्याच दुपारी त्याचा फोन आला.

"दाजी, तुमी आत बसलाव आन माझंच पान काढायलेत?"

"मी काढत नाही. छापील पुरावा लागतो. तुझ्याशी संबंध नसलेल्या माणसानं छापलेला."

"समद्या पार्ट्या वाजवायल्यात की! आजून काय छापायचं?"

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "जन्मभर गावाच्या बातम्या छापल्या ह्येंनी. माझ्या भावाचीच तेवढी ऱ्हायली."

त्या आठवड्यात चर्चेचं पान मी सतत उघडत होतो. जेवताना, एसटी स्टँडवर, बँकेच्या रांगेत. बहुतेक वेळा नवीन काही नसायचं. एकानं लिहिलं होतं, 'वस्तू वापरात आहे म्हणून ती दखलपात्र ठरत नाही.' डेस्कवर असतो तर मीही हेच म्हटलं असतं. तरी पान बंद करून पुन्हा उघडत होतो.

जुन्या कार्यालयात जाऊन वराती आणि मिरवणुकांचे छापून आलेले फोटो काढले. बेंजोवाले बऱ्याच फोटोंत होते. पेडल एकाही फोटोत नव्हतं. प्रत्येकाच्या पायाशी टॉवेल पसरलेला होता.

तामलवाडीत एका पार्टीच्या बेंजोवाल्याकडं गेलो. मी कोणाचा दाजी, हे आधी सांगितलं. त्यानं टॉवेल उचलला. पेटीला भगवा रंग, वर पार्टीचं नाव.

"झाकणावर बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं, ते कुठं गेलं?"

"कानशीनं घासलं. समदेच घासत्यात."

"का?"

"आवो, आवाज कुठून आणलाय ते शेजारच्या पार्टीला कळलं तर सुपारी त्येंच्या घरी जाईल की. आमी काय भजन करत बसावं?"

"पेपरवाल्याला एवढं सांगाल का?"

"तुमी पाव्हणं, म्हणून टॉवेल उचलला. पेपरात आलं तर मी न्हाय म्हणीन."

तिथून थेट येरमाळ्याला जाऊन मेहुण्याला हे सांगितलं. त्यानं हातातला कटर खाली ठेवला.

"मी तर नाव ठोकून खोल करायचो, दाजी. पुसू न्हाय म्हणून."

"माहीत आहे."

"लई खोल करायचो."

दुकानात तयार होत असलेली एक पेटी होती. तिच्या झाकणावर नाव अजून ठोकलेलं नव्हतं. त्यानं ती पुढं ओढली, हातोडी घेतली आणि अक्षरं ठोकायला बसला.

पुढच्या सोमवारी दुपारी पान वगळण्यात आलं. 'स्वतंत्र छापील स्रोत आढळला नाही,' असं कारण नोंदलेलं आहे. त्या संध्याकाळी मी येरमाळ्यात होतो. मेहुण्याच्या दुकानासमोरून दोन वराती गेल्या. दोन्ही टेम्पोंत बेंजो वाजत होता. दोन्ही बेंजोवाल्यांच्या पायाशी टॉवेल होते.