पाण्याला इचारू

बाथरूमची फरशी मी स्वतः बसवली आणि उतार दाराकडं दिला. जाळी पलीकडच्या कोपऱ्यात, पाणी अलीकडं हॉलमध्ये. पहिल्या दिवशी आंघोळ मी केली आणि भिजला सोफा.

झालं असं, की आई जळकोटला पडली. मांडीचं हाड मोडलं, लातूरला ऑपरेशन झालं, आणि आठ दिवसांत ती माझ्याकडं नांदेडला येणार होती. तिच्यासाठी कमोड हवा, खरखरीत फरशी हवी. मोबाईलवर एक जण शीळ घालत फरशी बसवत होता. मी गणिताचा मास्तर, मला काय अवघड?

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. साठीचे, वाळलेले, कानावर पेन्सिल. मी सिमेंट कसं कालवलं, माप कसं धरलं, हे सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

"मला नका सांगू, सर. पाण्याला इचारू."

तांब्याभर पाणी ओतून ते उकिडवे बसले. पेरलेल्या वाफ्याकडं बघत बसणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, तसे. पाणी त्यांच्या पायांशी आलं. पाहुण्याला वाट द्यावी तसे ते बाजूला सरकले.

"ह्याला टीव्ही बघायचाय जणू."

मग थापीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकत, कान खाली नेत म्हणाले, "ही भरीव. ही पोकळ. ही... सर, हिच्याखाली काय घातलंय?"

उंची जुळेना म्हणून मी पुठ्ठा घातला होता. ते हसले नाहीत. पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "ठिवा. कामाला येईल."

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन वाजला. "आज न्हाई जमत. सरची आई येणाराय," एवढंच बोलून त्यांनी तो खिशात टाकला.

"कुणाचा होता?"

"घरचा. आमच्याबी बाथरूमचं काम काढलंय. बायकोचे गुडघे गेले, खाली बसता येत न्हाई. त्यासाठीच हे आठ दिस मोकळे ठिवले होते."

"मग?"

"तिला सवय हाय, सर. तुमच्या आईला न्हाई."

खरं सांगतो, मी 'नको, आधी तुमचं करा' म्हणालो नाही. मनात हुश्श केलं आणि चहा सांगितला.

आई आली. कमोडशेजारच्या दांडीला धरून स्वतः उठली, तेव्हा रडली. मिस्त्री उरलेल्या फरशा मागून घेऊन गेले, तेवढंच त्यांनी मागितलं.

महिन्याभरात ते गेले. भोकरला कुणाच्या तरी कामावर छातीत कळ आली. सकाळी डबा घेऊन निघाले होते, संध्याकाळी त्यांना आणलं.

मी भेटायला गेलो. विहाराच्या मागं दोन खोल्यांचं घर. त्यांच्या घरच्या मावशी दाराला बांधलेली दोरी धरून उठल्या. त्यांच्या मागं बाथरूम दिसत होतं. कमोड खोक्यातच. जाळीच्या बाजूला माझ्या घरच्या फरशांच्या दोन ओळी, पुढं नुसती माती. दोन खिळ्यांमध्ये त्यांनी बांधलेला दोरा तसाच ताणलेला.

दुसरा मिस्त्री लावून देणं शहाणपणाचं होतं. पण मी म्हणालो, "मावशी, राहिलेलं मी बसवतो. त्यांच्याजवळ बसून बघितलंय सगळं."

मावशींनी मिस्त्रींची थापी माझ्यापुढं केली.

दोन रविवार त्यात गेले. दोरा जाळीकडं खाली उतरलेला दिसला. खिळा सरकला असेल म्हणून मी तो सोडून नीट समपातळीत बांधला. फरशा दोऱ्याला धरून बसवल्या. दांड्यानं ठोकल्या, कान लावला. एकही पोकळ नव्हती. पुठ्ठा तर नव्हताच. कमोडही बसवला. मला वाटलं, फिटलं.

सांध्यांतलं पांढरं सिमेंट वाळल्यावर मावशी तांब्या घेऊन आल्या. एका हातानं दोरी धरून त्यांनी पाणी ओतलं. मी उकिडवा बसलो.

पाणी थोडं थांबलं. मग हळूहळू आमच्याकडं आलं आणि मावशींचे पाय भिजले.

मावशी आपल्या पायांकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं.

"तुमचं सगळं उखडा, सर," त्या म्हणाल्या. "त्यांच्या दोन ओळींना हात लावू नका."