मुडीत बांधलेला खेळ

समस्त सज्जनांनी मुंडाशी सावरून आणि तोंडातलं पान थुंकून ऐकावं, अशी एक गंभीर बाब आज जाहीर करतो: सूड थंडीच्या दिवसांत उत्तम टिकतो.

माझ्याकडे गोळ्यांचा खेळ होता. उतरती फळी, तिच्यावर बनातीचं हिरवं लोकरी कापड, पितळी खिळ्यांचं दाट रान आणि कडेला स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढून सोडला की गोळी वर उडे आणि खिळ्यांना आपटत खालच्या एखाद्या वाटीत पडे. लाकूड डेपोवरचा गोरा साहेब बदली होऊन निघाला, तेव्हा त्याच्या सामानातून मी तो घेतला. माघ लागला की थेट अणशी गावापर्यंतच्या जत्रांत बैलगाडीतून तो मिरवावा, आणि आमच्या गावच्या जत्रेत देवळासमोरच्या पिंपळाखाली मांडावा. ती जागा माझी होती.

सुगीत मात्र घर भातानं भरे आणि खेळ शेतातल्या मांगरात जाई. मांगर म्हणजे कुडाची झोपडी. तिथं चूल नाही, रात्रभर धुकं आत. एका वर्षी माझा मांगर पडला, तेव्हा धाकटा चुलतभाऊ गोड आवाजात म्हणाला, "दादा, माझ्या मांगरात ठेव की. मी हाय न्हवं?"

तो होताच. त्यानं माझ्या फळीवर ओल्या भाताची पोती रचली. माघात फळी होडीसारखी वाकलेली, गोळी कुठूनही सोडा, एकाच कोपऱ्यात. त्यानं मात्र सुताराकडून तसाच खेळ करून घेतला होता, आणि पिंपळाखाली तो मांडून बसला.

"दादा, तुझ्या फळीला पोक आलं व्हय?"

सगळी जत्रा हसली. मीही हसलो. दात मोजून ठेवले, त्याचे.

उन्हाळाभर फळी दाबाखाली ठेवून सरळ केली, मांगरही नवा बांधला. पुढच्या थंडीत स्प्रिंग ढिली करून तिला खोबरेल लावलं, फळी कोरड्या कांबळ्यात गुंडाळली, खाली दगड लावून सपाट निजवली आणि भोवती राख पसरली. मग बाहेर आलो, तर चुलतभाऊ कुडाआड दबकत येताना दिसला. साहेबाचा खेळ कसा जपायचा ते त्याला चोरून शिकायचं होतं. मग शिकवायला नको?

मी एक जुनं दार ओढलं आणि पाठमोरा होऊन, त्याला फळीच वाटावी असं, भाताच्या गवतात गुंडाळायला लागलो. आमच्याकडे बियाण्याचं भात असंच गवतात आवळून मुडी बांधतात. फरक एवढाच की बियाण्याची मुडी घरात चुलीच्या धुरात टांगतात. बिनधुराच्या मांगरात मुडी दिसली की आमचे उंदीर तिला निमंत्रण समजतात.

"साहेब असंच ठेवायचा!" मी शेजारी उभ्या बायकोला सांगितल्यासारखं करत देवळातल्या पुजाऱ्यासारखा ओरडलो. "गवतात ऊब ऱ्हाती, लाकूड वाकत न्हाई!"

बायको तोंडावर पदर धरून हुंदके दिल्यासारखी हलत होती.

कुडाआडचा डोळा नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मांगरात ही भलीमोठी मुडी! पौषभर मी गाढ झोपलो. तिकडे फिरकलोसुद्धा नाही, हसू आवरलं नसतं.

जत्रेला पिंपळाखाली आम्ही दोघंही हजर. जत्रेतल्या जागा ठरवणारा गावचा मानकरी, म्हातारा गावकर, मध्ये उभा. त्याच्यासमोर जो आधी गोळी सोडून दाखवील, त्याची जागा. माझी फळी गाडीत सरळ, तयार. पण घाई कसली?

"आधी तू, भावा," मी म्हटलं. "तू धाकटा."

"बघ हां दादा, मागनं रडू नको," म्हणत त्यानं ऐटीत दोरी कापली. गवत पांगलं. हिरव्या बनातीचा पार पिंजलेला कापूस झाला होता, दट्ट्याची मूठ कुरतडलेली, आणि गोळी जिथं पडायची त्या वाटीत एक उंदरीण, पोटाशी गुलाबी पिल्लं घेऊन, आमच्याकडे रागानं बघत होती.

चुलतभाऊ दट्ट्याची उरलीसुरली मूठ चाचपत राहिला. गावकर गुडघ्यांवर हात टेकून वाकला, निरखून बघितलं आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असा ओरडला:

"अरं, हितं बाळंतीण निजलीया! हे घरी न्हे, आन् दादाला बसूं दे!"