आठ कडक स्प्रिंगा

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे स्प्रिंग या विषयावर मला कोणी काही सांगायला आलं की माझं डोकं फिरतं. त्यात सांगणारे अप्पा, म्हणजे माझे वडील असले तर जास्तच. ते सातवी शिकलेले, आणि सगळं आयुष्य उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर उभं राहून काढलेलं.

त्यांची साठ वर्षांची जुनी मोटार मी पुन्हा चालू करायला घेतली होती. तिच्यातून एकदा तरी कळंब्याच्या तलावापर्यंत जायची अप्पांची इच्छा होती, आणि त्यांचं वय बघता काम लांबवण्यात अर्थ नव्हता. गॅरेजच्या मिस्त्रींनी इंजिनाचं हेड उतरवलं. व्हॉल्व्ह ठीक होते, पण ते मिटवणाऱ्या आठही स्प्रिंगा थकलेल्या. मिस्त्रींनी एक जुनी आणि एक नवी स्प्रिंग तोंडाला तोंड लावून शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, आवळली. जुनी मुकाट दबत गेली, नवी ढिम्म हलली नाही.

नव्या दोन प्रकारच्या मिळत होत्या, नेहमीच्या आणि जास्त कडक. अप्पा म्हणाले, नेहमीच्याच घे. का, ते मात्र सांगेनात. मग मी तिथंच त्यांचा तास घेतला. स्प्रिंग ढिली असेल तर वेगात व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, वगैरे वगैरे. मिस्त्रींनाही कडक नको होत्या, पण बाईंपुढे कोण बोलणार? आपल्याकडं रस्सा असो की स्प्रिंग, झेपेल त्याहून जहालच मागवायची खोड. मी कडक घेतल्या.

शिवाय ही मोटार आतून-बाहेरून ओरिजिनल आहे, एक पार्ट बदललेला नाही, असं मी भेटेल त्याला सांगत असे. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात तर अप्पांना शेजारी उभं करून सांगितलं होतं. ते तेव्हा टायरकडे बघत होते.

इंजिन सुरू झालं आणि मी पेढे वाटले. दहा दिवसांत आतून टकटक यायला लागली, चढावर गाडीला दम पुरेना. मिस्त्रींनी वरचं झाकण काढून इंजिन हातानं फिरवलं. सहा व्हॉल्व्ह नीट उघडत होते, दोन जेमतेम हलत होते. मग कॅमशाफ्ट बाहेर काढला. व्हॉल्व्ह उचलणारे त्याच्यावरचे दोन उंचवटे स्प्रिंगांच्या दाबानं पार झिजून गेले होते. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो कंपनीचा न्हाय," ते म्हणाले. "कुणीतरी हातानं केलाय. लई भारी काम हाय."

मी अप्पांकडे पाहिलं, तेव्हा कुठं त्यांनी सांगितलं. मूळचा चाळीस वर्षांपूर्वी मोडला होता आणि पार्ट कुठंच मिळेना, तेव्हा रोजची ड्युटी संपल्यावर त्यांनी महिनाभर खपून हा घडवला होता. पोलादाला हवं तसं पाणी चढलं नव्हतं, ते जरा मऊच राहिलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी बेताच्या स्प्रिंगांवर तो चाळीस वर्षं टिकला. मी दहा दिवसांत संपवला.

"अप्पा, मला सांगितलं का न्हाय?"

"सगळ्यांस्नी ओरिजनल म्हणून सांगत हुतीस की. चारचौघांत तुला खोटी पाडू व्हय?"

शंका विचारा, शंका विचारा म्हणून वर्गात घसा कोरडा करणारी मी. माझ्याच घरात एका माणसाला माझ्यामुळं बोलता आलं नव्हतं. दुसरा घडवा म्हणायचीही सोय नव्हती. अप्पांच्या हातात आता चहाची बशीसुद्धा थरथरते.

मिस्त्रींनी बाजारातला कॅमशाफ्ट टाकला, नेहमीच्या स्प्रिंगा बसवल्या. मोटार झकास चालायला लागली. रविवारी सकाळी मी ती दारात आणून उभी केली आणि अप्पांसाठी दार उघडलं. ते बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवून इंजिनाचा नवा आवाज ऐकत राहिले.

"तू जाऊन ये पोरी," ते म्हणाले. "ही माझी गाडी न्हाय."

आणि चप्पल काढून आत गेले.