फाटक लावायचं काम

आई गेली त्या वर्षी बाबा आमच्याकडे ऑकलंडला आले, आणि आले ते गप्पच. दिवसकार्य, व्हिसा, विमान, सगळं त्यांनी इस्त्रीच्या कपड्यांत पार पाडलं होतं. डोळ्यांतून टिपूस नाही. "त्यांना एकदा रडू दे गं," मावशी फोनवर म्हणायची, जसं काही ते माझ्या हातात होतं! माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात ते दिवसभर खिडकीशी बसायचे आणि समोरच्या डेअरीत दूध-ब्रेड घ्यायला येणारी माणसं बघायचे. मला त्या खिडकीची भीती वाटायला लागली होती.

मी तेव्हा एका वॉकिंग क्लबात जायची. बहुतेक साठीपलीकडची गोरी मंडळी, दर रविवारी शहराबाहेर जाऊन डोंगरांतून, कुरणांतून दिवसभर चालायची. एकदा बाबांना ओढून नेलं. पुण्यात ते रोज तळजाईला जायचे आणि नेहमी पुढे असायचे. आई मागून "अहो, जरा दमानं" करत यायची, आणि हे खाली फाटकाशी उभे राहून घड्याळ बघायचे. इथे मात्र पहिल्याच चढावर धाप लागली. सगळे थांबले, हसून वाट बघू लागले. ते हसणं बाबांच्या जिव्हारी लागलं.

"माझ्यापायी लोकांचा खोळंबा नको. पुढच्या वेळी तू एकटी जा," ते परतताना म्हणाले.

मी हे आमच्या लीडरबाईंना सांगितलं. रिटायर्ड नर्स, कडाक्याच्या थंडीतही हाफ पँटमध्ये. त्यांनी थेट बाबांना फोन लावला. क्लबात एक माणूस कायम शेवटी चालतो, नारिंगी जाकीट घालून. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. शेतातलं प्रत्येक फाटक त्याने लावायचं, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात. आणि शेवटच्या फाटकाशी ओरडून सांगायचं, सगळे आले. तर हे काम बाबा करतील का? हयात सरकारी नोकरीत गेलेली, ड्यूटीला नाही म्हणणार कसे? शनिवारी त्या प्लास्टिकच्या जाकिटाला इस्त्री करायला निघाले होते, मी वेळेवर थांबवलं.

तो रविवार मला अजून झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. समुद्रावरून धुकं येत होतं. माणसाहून उंच नेच्यांखाली हिरवा अंधार होता, पायांखाली ओली माती, कुठेतरी एक टुई पक्षी घसा खाकरल्यासारखा गात होता. पुढच्यांची बडबड विरत विरत ऐकू येईनाशी झाली. मी बाबांच्या थोडी पुढे चालत होते. मागे त्यांच्या बुटांचा आवाज, मग फाटकाची साखळी, मग पुन्हा बूट. आपण कुठल्या देशात आहोत हेच विसरायला झालं. वाट संपूच नये असं वाटत होतं.

पण शेवटचं फाटक आलं. पलीकडे गाड्या उभ्या होत्या, मंडळी थर्मास काढत होती. मी फाटकातून बाहेर पडले. माझ्यामागून बाबाही आले, पण फाटक उघडंच धरून ते वळले आणि आलो त्या वाटेकडे बघत राहिले. वाटेवर धुक्याशिवाय काही नव्हतं.

"ऑल थ्रू?" लीडरबाईंनी हाक दिली.

बाईंनी पुन्हा विचारलं. मला ओशाळल्यासारखं झालं.

"बाबा, लावा ना. मेंढ्या येतील बाहेर."

"थांब गं जरा," ते वाटेवरची नजर न काढता म्हणाले. "ती सावकाश येते."

आपण काय बोललो ते त्यांना हळूहळू उमगलं असावं. त्यांनी फाटक ओढलं, साखळी खिळ्यात अडकवली, नीट बसली का ते बघितलं. मग हात वर करून, लीडरबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "येस. नोबडी बिहाइंड."

आणि फाटकाच्या ओल्या लाकडावर डोकं टेकवून ते रडायला लागले.