दादाने सांगितलेला शेवट

घुग्घुसच्या टॉकीजवर पोरींना मनाई असल्याची पाटी नव्हती. तरी आम्ही कधी गेलो नाही. बाजूला कोळशाचे ट्रक उभे राहायचे, आत पोरं शिट्ट्या मारायची, म्हणून ती जागा पोरींची नाही, असं आमच्या कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, क्वार्टरांत ठरलेलं होतं. कोणी ठरवलं, ते कोणी विचारलं नाही. देवाधर्माचा सिनेमा लागला की मात्र त्याच टॉकीजमध्ये, त्याच बाकड्यांवर, आई शेजारणींसोबत नारळ घेऊन बसायची. तेव्हा शिट्ट्या मारणारी पोरं कुठं जायची, ते तिलाच माहीत. मला आजही या गोष्टीचा राग येतो.

मी दहावीत होते. त्या वर्षी कॉलेजातल्या पोरापोरींचा एक सिनेमा आला आणि सगळ्या गावाला त्याचं वेड लागलं. त्यातली गाणी पानठेल्यावर, बारशाला, गणपतीत, सगळीकडे वाजत होती. गाणी ऐकायला आम्हाला बंदी नव्हती. शाळेच्या वाटेवर भिंतीला पोस्टर होतं. त्यावर हिरोईन ड्रम वाजवत होती, हातात दोन काड्या, केस उडालेले. सिमेंटच्या आणि कोळशाच्या धुळीनं दोन दिवसांत तिचं तोंड काळं पडायचं. माझी मैत्रीण ओढणीच्या टोकानं ते पुसायची. ती बाजारातल्या टेलरची मुलगी, माझ्याच वर्गातली, माझ्याच बाकावरची. पुसता पुसता म्हणायची, "देख, आपल्याकडेच पाहून राह्यली."

सिनेमा पाहिला तो माझ्या मोठ्या भावानं, चार वेळा. तेव्हा तो बारावीला होता. बारा वाजताच्या खेळाला तो बाबांची सायकल घेऊन जायचा. बाबांची खाणीत दुपारची दुसरी पाळी असायची, त्यामुळे त्यांच्या वेळेआधी सायकल घरी आणून द्यावी लागे. परत आला की मी आणि माझी मैत्रीण त्याला गाठायचो. मी भजी तळायची, त्यानं स्टोरी सांगायची, असा आमचा करार होता.

दादा सांगायचा मात्र छान. तोंडानं ड्रम वाजवायचा, हिरोईनच्या बापाचा आवाज काढायचा. लहान गावातली पोरगी मोठ्या शहरात शिकायला जाते, होस्टेलमध्ये राहते, कॉलेजच्या बँडमध्ये पोरांच्या बरोबरीनं ड्रम वाजवते. बापाला कळतं. मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशीच तो गाडी घेऊन तिला न्यायला येतो. इथवर यायला दादानं तीन दुपारी लावल्या. चौथ्या दुपारी त्यानं शेवट सांगितला.

"मग ती काड्या बापाच्या पायापाशी ठेवते. म्हणते, पापा, मला माफ करा. आणि गाडीत बसून घरी जाते. सगळे रडतात."

मी खरंच रडले. माझी मैत्रीण रडली नाही. तिनं हातातलं भजं ताटलीत परत ठेवलं.

"झूट आहे," ती म्हणाली. "पूर्ण पिक्चरभर वाजवते अन् मग माफी मागते? काऊन? तिनं काय केलं?"

"मी पाहिला का तू पाहिला?" दादा म्हणाला. आणि तिनं ठेवलेलं भजंही त्यानंच खाल्लं.

दहावीचा निकाल लागला. आम्हा दोघींनाही चांगले मार्क पडले. दोघींना सायन्स घ्यायचं होतं आणि त्यासाठी चंद्रपूरला रोज बसनं जावं लागणार होतं. मैत्रिणीचे अब्बा आधी नाहीच म्हणाले. ती त्यांच्या शिलाई मशीनवर जाऊन बसली, पायडलवर पाय ठेवला आणि म्हणाली, हो म्हटल्याशिवाय उठत नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळलं. दुपारपर्यंत अब्बा हसले आणि हो म्हणाले.

माझे बाबा तर नाहीसुद्धा म्हणाले नव्हते. ड्यूटीवर निघताना बूट घालत त्यांनी विचारलं, "रोज बसनं जाणं म्हणजे त्रासच आहे. तुले काय वाटते?"

त्यांनी मला विचारलं होतं. मी फक्त 'मले जायचं आहे' एवढं म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर बापाच्या पायाशी वाकलेली ती पोरगी आली. एवढी शूर, तीसुद्धा शेवटी वाकलीच. चांगल्या मुलीचं असंच होत असेल, असं मला वाटलं. "तुम्ही म्हणाल तसं, बाबा," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि सायकलवर टांग टाकली. मी गावातच आर्ट्स घेतलं.

लग्न होऊन मी गडचिरोलीला आले. तिथं घरी केबल होती. एका रविवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना तोच सिनेमा लागला. मी घड्या सोडून खाली बसले. दादानं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं होतं. बाप गाडी घेऊन येतो, इथवर. मग ती पोरगी म्हणते, मी येणार नाही. रडते, पण म्हणते. बाप गाडीत बसून निघून जातो. ती तशीच रडत स्टेजवर चढते आणि वाजवायला लागते. थोड्या वेळानं बाप परत येतो आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसतो. माफी कोणीच मागत नाही.

सिनेमा संपला तरी मी खालीच बसून होते. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? "काही नाही, सिनेमा," म्हणत मी पुन्हा घड्या घालायला घेतल्या.

भाऊबीजेला दादा आईला घेऊन आमच्याकडे आला. ओवाळून झालं, करंजी त्याच्या हातात दिली आणि मी विचारलं, "त्या सिनेमाचा शेवट तू खोटा काऊन सांगितला?"

त्याला आधी कोणता सिनेमा तेच आठवेना. आठवल्यावर तो मोठ्यानं हसला. "अवं, मी शेवट पाहिलाच कुठी? बाबाले सायकल द्यायची राहे. चारही वेळा बाप गाडीतून उतरला की मी उठलो."

"मग तो शेवट आला कुठून?"

"बनवला. त्यात काय! असंच तर होते नं शेवटी."

तो जाणूनबुजून खोटं बोलला असता, बाबांनी शिकवलं म्हणून बोलला असता, तर मला एवढं लागलं नसतं. त्यानं विचारसुद्धा केला नव्हता. पोरगी माफी मागेल आणि घरी जाईल, याखेरीज दुसरं काही त्याच्या मनातच आलं नाही. आणि मी ते ऐकून माझं ठरवून टाकलं.

मी त्याला बाबांच्या प्रश्नाचं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. करंजी हातात धरून तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सिनेमाच तर होता वो. तू बोलायला पाहिजे होतं."

"हो, पाहिजे होतं," मी म्हणाले. "अन् तू म्हणायला पाहिजे होतं की मले शेवट माहीत नाई."

आई आतून म्हणाली, सणाच्या दिवशी कशाला उकरता? दादा म्हणाला, "चुकलं माझं. बस?"

"नाई," मी म्हणाले. "बस नाई." आणि त्याच्यासाठी पान वाढायला उठले, कारण तेही मलाच करायचं होतं.