पाखरं लागलेलं धान

इकडे ये बाई, अशी जवळ सरकून बस. तू मुंबईत आहेस हे ठाऊक आहे मला, पण लिहिताना मी तुला जवळच बसवते. आणि आधी रागावते. दोन आठवडे झाले, फोनवर 'सगळं ठीक आहे आजी' एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस. तुझी बाजू तुला माहीत. माझी कोणाला सांगू? म्हणून वहीत लिहून राहिली.

त्या आजच्या काळातल्या कलेच्या म्युझियमनं तुला तीन महिन्यांसाठी इंटर्न म्हणून घेतलं, तेव्हा गोंदियाकडच्या या आपल्या केशोरी गावात मी घरोघरी सांगत फिरले. शिकते आणि कामही करते, बरी निघाली तर पुढं ठेवून घेतील. चित्रं असतात काय तिथं? तर नाही. एका खोलीत नुसता धानाचा ढीग, काचेच्या दारामागं, आणि लोक तिकीट काढून तो पाहतात. शेजारीण म्हणाली, "आमच्या अंगणात फुकट पाहा म्हणा." मीही हसले. पण तिथल्या मोठ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी तुला सांगितलं होतं, तू धानाच्या मुलखातली, या खोलीवर तूच लक्ष ठेव. त्याचं मला फार कौतुक.

आठव्या दिवशी भर दुपारी तुझा व्हिडिओ कॉल आला. आवाज दबका. "आजी, भिंतीवर काहीतरी बसलंय, बघ."

पांढऱ्याशुभ्र भिंतीवर बारीक पिवळट पाखरं, धानाच्या किडीला पंख फुटून होतात ती. धानाजवळ पाखरू दिसलं म्हणजे आत दाणा पोखरून झाला.

"मॅडमले विचारलं काय वं?"

"कसं विचारू? म्हणतील, गोंदियाची असून एवढंही येत नाही."

मग मी काय गप्प बसणार? कडक उन्हात पसर, सुपानं पाखड, वाळलेला कडुनिंबाचा पाला मिसळ. कोठीत धान भरताना सासूनं मला हेच शिकवलं, मी तुझ्या आईला. सोमवारी म्युझियम बंद. तू आणि ते छत्तीसगडचे चौकीदार काका, दोघांनी पोत्यांत भरून सगळं गच्चीवर नेलं. सूप नव्हतं तर ताटानं पाखडलं. संध्याकाळी फोटो आला, धान स्वच्छ, ढीग परत जागेवर. मी तो फोटो दहा जणींना दाखवला.

मंगळवारी तो ढीग मांडणारा कलाकार आला. पाखरं त्यानंच सोडली होती. तीन महिन्यांत दाणा आतून खाल्ला जाणार आणि वरून ढीग जसाच्या तसा दिसणार, हेच त्याला दाखवायचं होतं. छताला लावलेल्या कॅमेऱ्यातून रोज एक फोटो काढून ठेवत होता म्हणे. ते सगळं तू पाखडून टाकलंस. तू कसली, मीच टाकलं.

मॅडमनी विचारलं, "तुला हे करायला कोणी सांगितलं?" तू म्हणालीस, "कोणी नाही." हे मला तुझ्या आईकडून कळलं. लगेच तुला फोन लावला. मी म्हटलं, मॅडमचा नंबर दे, चूक माझी आहे, मी बोलते. तू म्हणालीस, "आजी, तू मध्ये पडू नको. आणखी बिघडेल." खरंच होतं ते. मी बोलून काय बोलणार होते?

मग वाटलं, पाखरं लागलेलं धानच पाठवून द्यावं. कोठी उघडली, कोपरापर्यंत हात घातला, ओंजळ उन्हात धरून पाहिली. एक पाखरू नाही. जन्मभर ज्याचा तोरा मिरवला त्याचाच राग आला. शेजारणीकडे गेले.

"तुयाकडे पाखरं लागलेलं धान आहे काय वं?"

"माया घरी किडे रायतेत, हे विचाराले आली काय तू?"

समजावलं तर म्हणे, "म्युझियमले किडे कायले पायजे? तुई नात बरी आहे ना?" दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. शेवटी गावाच्या त्या टोकाला एका घरी डबाभर मिळालं. ते कुरिअरवाल्यानं घेतलं नाही. जिवंत किडे चालत नाहीत म्हणाला. डबा गोठ्याच्या वळचणीला ठेवला आहे. टाकवत नाही आणि घरात आणवत नाही.

आता तुला म्हणे दाराशी बसवलं आहे, लोकांच्या पिशव्या घेऊन टोकन द्यायला. पुढं ठेवायचं की नाही ते महिनाअखेरी ठरवणार. 'आधी मॅडमले विचार' एवढं एक वाक्य त्या दुपारी माझ्या तोंडून निघालं असतं तर? नाही निघालं. धानाचं कोणी विचारलं की मला थांबताच येत नाही.

आणि तू आता मला काहीच विचारत नाहीस. भात किती शिट्ट्यांत होतो तेही नाही. ते फार जड जातं बाई.

त्यांनी ठेवलं तरी ये, नाही ठेवलं तरी ये. गोंदियाला उतर, तुझा बाबा घ्यायला येईल. मी काही विचारणार नाही, काही सांगणारही नाही. पण लवकर ये.